खोक्यावरचे वॉट

संगणकाबरोबर मिळणाऱ्या छोट्या स्पीकरच्या जोडीवर एके काळी ‘१२०० वॉट पीएमपीओ’ असं बिनदिक्कत छापलेलं असे. यातल्या कित्येक जोड्या यूएसबीच्या खाचेतून येणाऱ्या विजेवर चालत. यूएसबी २.०ची खाच ५ व्होल्टला अर्धा अँपिअर प्रवाह देते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे शाळेतलं गणित. उत्तर येतं अडीच. आत अडीच वॉट घ्यायचे आणि बाहेर बाराशे द्यायचे हे कुणाला खरंच साधलं असतं, तर महाराष्ट्राला कोयनेचं पाणी अडवायची गरज पडली नसती.

पीएमपीओ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. ते मोजायचं कसं, हे कुठल्याही मान्य मानकात लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ज्याने-त्याने आपल्या सोयीचं गणित मांडलं. क्षणभरच मिळेल असा सर्वांत मोठा आकडा धरायचा, सगळ्या चॅनेलची बेरीज करायची आणि वर विक्री विभागाला आवडेल तेवढ्याने गुणायचं. नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आणि त्यानंतरचे सीडी-व्हीसीडीचे संच या आकड्यांवरच खपले. आता पीएमपीओ हा शब्द खोक्यांवरून बहुतेक गेला आहे, पण त्याची भावंडं, म्हणजे ‘पीक’, ‘मॅक्स’ आणि ‘म्युझिक पॉवर’, अजून ठाण मांडून आहेत. दोन-पाच हजारांत स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला दिसतो तो वॉटचा आकडा. माझ्या मते त्याने तो सगळ्यात शेवटी पाहावा.

हा रोग आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत साठच्या दशकात ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आले आणि कंपन्यांमध्ये वॉटची चढाओढ लागली. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की घरगुती अँप्लिफायरचे वॉट जाहीर करायचे तर ते सलग मिळणारे हवेत आणि किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारतांमध्ये, किती डिस्टॉर्शन होईपर्यंत मोजले, तेही सांगायला हवं. मोजण्याआधी अँप्लिफायर एक तास एक तृतीयांश शक्तीवर चालवून तापवून घ्यायचा, अशीही अट होती. गार असताना शूर असलेले बरेच अँप्लिफायर इथेच हाशहुश्श करू लागले. २००० मध्ये ही तापवण्याची अट एक अष्टमांशावर आणून सौम्य केली गेली. २०२४ मध्ये मात्र मोजणीच्या अटी पुन्हा घट्ट झाल्या: ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झचा पूर्ण पल्ला आणि एक टक्क्याहून कमी डिस्टॉर्शन.

किती वेळ, किती ओहमवर, कोणत्या वारंवारतांवर आणि आवाज किती फाटेपर्यंत, हे चार प्रश्न आपल्याकडच्या खोक्यालाही विचारता येतात. त्यातला चौथा सर्वांत अवघड जागी बोट ठेवतो. डिस्टॉर्शन म्हणजे आपण ज्याला आवाज फाटणं म्हणतो ते. अँप्लिफायरच्या चिपची माहितीपत्रकं पाहिली तर त्यांत मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा १० टक्के डिस्टॉर्शनचा असतो. पन्नास-शंभर रुपयांच्या पट्टीवर मिळणारी पीएएम८४०३ ही चिप घ्या. ती ‘तीन वॉट अधिक तीन वॉट’ म्हणून विकली जाते. हे तीन वॉट मिळतात ५ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारात, १० टक्के फाटलेल्या आवाजासह. फाटणं एक टक्क्यावर ठेवलं तर हातात अडीचच्या आसपास उरतात. दहा टक्के फाटलेलं गाणं शांतपणे ऐकत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण त्या आकड्यापुढे ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारे वॉट, ही तीन प्रतिष्ठित अक्षरं लावायला कुणाचीच हरकत नसते.

खोक्यावर विश्वास नसेल तर वस्तूच्या पाठीमागे पाहावं. स्पीकरला अॅडॉप्टर असेल तर त्यावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. समजा तिथे १२ व्होल्ट, २ अँपिअर आहे. म्हणजे स्पीकरच्या पोटात सलग जाऊ शकतात २४ वॉट. आजकालचे क्लास-डी अँप्लिफायर त्यातले ८५-९० टक्के पुढे देतात, जुन्या धाटणीचे क्लास-एबी निम्मे किंवा थोडे जास्त. म्हणजे उत्तम परिस्थितीत वीस-एकवीस वॉट. अशा साउंडबारच्या खोक्यावर १२० वॉट लिहिलं असेल, तर उरलेले शंभर कुठून आले हे कंपनीने सांगायला हवं.

इथे कंपनीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. संगीत सलग एकाच जोराने वाजत नाही. तबल्याची थाप किंवा ढोलाचा टोला क्षणभर उसळतो आणि लगेच खाली येतो. गाण्याची सरासरी शक्ती त्याच्या शिखरांच्या दशांश किंवा त्याहूनही कमी असते. आतल्या कपॅसिटरांत थोडी वीज साठलेली असते आणि त्या क्षणापुरती ती अॅडॉप्टरपेक्षा जास्त देता येते. म्हणून चोवीस वॉटच्या अॅडॉप्टरवर चाळीस वॉटचं शिखर अशक्य नाही. पण इलेक्ट्रॉनिक गाण्यातला दोन-तीन सेकंद टिकणारा खर्ज आला की साठा संपतो, आणि बेसचा ‘धूम्म’ सुरुवातीला येऊन मग दबून जातो.

बॅटरीवरच्या ब्लूटूथ स्पीकरची तपासणी तर आणखी सोपी. दोनच आकडे लागतात आणि दोन्ही कंपनीनेच दिलेले असतात. ३.७ व्होल्ट, २००० मिलिअँपिअर-तास अशी बॅटरी असेल तर तिच्यात ७.४ वॉट-तास ऊर्जा मावते. जाहिरात म्हणते ‘१६ वॉट’ आणि ‘१० तास’. दहा तास चालायचं तर सरासरी खर्च पाऊण वॉटच्या आत हवा. सोळा वॉट खरोखर सलग काढले तर बॅटरी अर्धा तासही पुरणार नाही. दोन्ही दावे आपापल्या जागी खरे असू शकतात, एकाच वेळी मात्र नाही. तळाशी फुलीची खूण करून ‘५० टक्के आवाजावर’ असं लिहिलेलं सापडतं ते यामुळेच.

आता मुद्दा असा, की हे वॉट सगळे खरे निघाले तरी त्यावरून आवाजाबद्दल फारसं कळत नाही. स्पीकर हे अतिशय अकार्यक्षम यंत्र आहे. घरगुती स्पीकरमध्ये गेलेल्या विजेतला अर्धा टक्काही ध्वनी होत नाही. बाकीची सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. कोणता स्पीकर एका वॉटात किती आवाज देतो, याला संवेदनशीलता म्हणतात. एक वॉट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर साध्या शेल्फवरच्या स्पीकरमधून ८४ ते ८८ डेसिबल मिळतात. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि ३ डेसिबल म्हणजे कानाला ‘जरासं वाढलं’ एवढंच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. याचा अर्थ ४० वॉटचा सोडून ८० वॉटचा घेणाऱ्याने पैसे जवळजवळ दुप्पट दिले तरी त्याच्या पदरात पडला जेमतेम एक घर वाढलेला व्हॉल्यूम. उलट ८४ऐवजी ८७ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तोच फायदा एकही वॉट न वाढवता मिळतो.

म्हणून संवेदनशीलतेच्या आकड्यातही हातचलाखी होते. मोजताना बहुधा एक वॉट न देता २.८३ व्होल्ट देतात. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात बरोबर एक वॉट मिळतो, ४ ओहमच्याला दोन. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर काहीच न करता ३ डेसिबल वर दिसतो. शिवाय स्वतंत्र प्रयोगशाळेत मोजल्यावर जाहिरातीपेक्षा दोन-तीन डेसिबल कमी भरणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ती फक्त स्वस्त मालापुरती नाही. महागड्यांचंही हे जुनं दुखणं आहे.

पण खरी लबाडी बेसमध्ये होते. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडा तीन इंची स्पीकरच्या डब्यावरही दिसतो, कारण माणसाचा कान साधारण तेवढं ऐकतो असं कुठेतरी वाचलेलं असतं. या आकड्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असं लिहिलेलं नसेल तर तो वाचूच नये. २० हर्ट्झला आवाज तीस डेसिबलने खाली पडला, म्हणजे हजारांश शक्ती उरली, तरी पडदा हलतो आहे म्हणून ‘वाजतो’ असं म्हणायला जागा राहतेच.

तुलनेसाठी एक प्रामाणिक माहितीपत्रक पाहू. बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा छोटा स्पीकर बनवला. त्याचं नाव एलएस३/५ए. आत पाच इंची पडदा, खोका पाचेक लिटरचा. ध्वनीच्या दुनियेत या स्पीकरला अजून देव्हाऱ्यात बसवतात. त्याची जाहीर मर्यादा होती अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये ७० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि संवेदनशीलता जेमतेम ८३ डेसिबल. म्हणजे बीबीसीचा पाच इंची स्पीकर सत्तरवर थांबतो, आणि आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला तीन इंची प्लास्टिकचा डबा विसापर्यंत जातो!

तो का जाऊ शकत नाही, हे गणितानेच कळतं. खालचा स्वर म्हणजे पडद्याने ढकललेली भरपूर हवा. एका सप्तकाने खाली उतरलं की तोच मोठेपणा राखायला पडदा चौपट पुढे-मागे जावा लागतो. समजा जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरने एक मीटरवर ५० हर्ट्झचा स्वर ९० डेसिबलने वाजवायचा आहे. भोक नसलेल्या खोक्यात त्यासाठी पडद्याला दर खेपेस सुमारे ४७ घन सेंटिमीटर हवा सारावी लागते. आठ इंची पडद्याला हे सहज जमतं. सव्वादोन मिलिमीटर हलला की झालं. तीन इंची पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस सेंटिमीटर. त्याला सोळा-सतरा मिलिमीटर पुढे आणि तेवढंच मागे जावं लागेल. त्या आकाराच्या पडद्यांची झेप असते दोन ते चार मिलिमीटर. २० हर्ट्झची तर गोष्टच सोडा.

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये यालाच हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. हे जे. अँटन हॉफमन म्हणजे केएलएच या अमेरिकी कंपनीच्या नावातलं ‘एच’. छोटा खोका, खोल बेस आणि चांगली संवेदनशीलता यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, तिसरी सोडावी लागते, असं त्यांचं म्हणणं. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात खोका, पडदा आणि कॉइल यांची समीकरणं मांडली. त्यानंतर कुठल्या खोक्यातून किती खाली जाता येईल, हे स्पीकर बनवण्याआधीच कागदावर काढता येऊ लागलं. म्हणजे डब्यावर वीस हर्ट्झ छापणाऱ्याला ते खोटं आहे हे माहीत नसतं, असं नाही. खोक्याला पाडलेलं भोक किंवा मागे बसवलेला निष्क्रिय पडदा एका ठरावीक वारंवारतेच्या आसपास मदत करतो. तिच्याखाली आवाज कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो, आणि भोक लहान असेल तर वर फुसफुस ऐकू येते ती वेगळीच.

मग हे डबे बऱ्यापैकी ‘बेस’ देतात असं वाटतं, ते का? त्यात आपल्याच कानाचा हात आहे. तानपुऱ्याचं उदाहरण घेतो. पुरुषांच्या काळी एक पट्टीत मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ निघणं शक्यच नाही. तरीही मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावलं की खर्ज ऐकू येतो. कारण मूळ स्वर गाळला गेला तरी त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वयंभू स्वर येतात, आणि मेंदू त्यांच्यातलं अंतर पाहून हरवलेला मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. तानपुऱ्याच्या बाबतीत हे विशेष सोपं जातं. त्याच्या घोडीचा किंचित वक्र पृष्ठभाग, म्हणजे जवारी, वरच्या स्वयंभू स्वरांना उचलून धरते. सी. व्ही. रमण यांनी विसाच्या दशकाच्या सुरुवातीलाच तानपुरा आणि वीणा यांच्या तारांच्या या वागण्यावर लिहिलं होतं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे शून्य कंपन असणारे स्वयंभू स्वर निघायला नकोत, असा जुना सिद्धांत होता. या वाद्यांत तेही ठणठणीत निघतात.

कानाच्या या सवयीवर आता सॉफ्टवेअर बनतं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधली चिप खालचा स्वर कापते आणि त्याचे वरचे स्वयंभू स्वर मुद्दाम वाढवते, म्हणजे बेस नसताना बेस आल्याचा भास होतो. याला मी फसवणूक म्हणणार नाही. हाताएवढ्या वस्तूतून गाणं ऐकण्याजोगं करायचा तो हुशार मार्ग आहे. पण त्याच्या जोरावर खोक्यावर २० हर्ट्झ छापणं मात्र सरळ खोटं.

म्हणून बेस तपासायला तानपुरा निरुपयोगी, पण वरचा भाग तपासायला त्यासारखं दुसरं काही नाही. मिरजेच्या चांगल्या जोडीचं ध्वनिमुद्रण लावावं. जवारीची ती झळाळी एकसंध, धाग्यासारखी ऐकू आली पाहिजे. ती पत्र्यासारखी खरखरली किंवा नुसता गुंजारव उरला, तर वरचा आणि मधला भाग बिघडलेला आहे. बेससाठी डग्गा लावावा. डग्ग्यावरची मींड, म्हणजे मनगट दाबत नेलेला घुमारा, स्वर खाली-वर करत जातो. चांगल्या स्पीकरवर तो घसरताना सारखाच भरीव राहतो. वाईटावर तो एका जागी अचानक फुगतो आणि पुढे गायब होतो. आणि बोलण्याचा आवाज हवाच. बीबीसीचे अभियंतेही स्पीकर पारखताना ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐकत. ओळखीचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला की बाकी काही तपासायची गरज नाही.

कानावर भागवायचं नसेल तर मोबाइलवर स्वर निर्माण करणारं एखादं फुकटचं अॅप घ्यावं. आवाज मध्यम ठेवून २०० हर्ट्झपासून हळूहळू खाली यावं. १०० हर्ट्झचा स्वर ओळखीचा आहे, कारण रस्त्यावरच्या विजेच्या रोहित्राची गुणगुण तीच. त्याखाली जाताना एक जागा अशी येते, की स्वर बारीक होतो, आणि पुढे तो आपला स्वभावच बदलतो: गुंजण्याऐवजी गुरगुर, फडफड, किंवा एक सप्तक वरचाच स्वर. तिथे स्पीकर संपला. खोक्यावर ४० लिहिलेलं असताना ही जागा ९० वर आली, तर काय ते समजावं. मात्र ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नये. पडदा मुकाट्याने जोरजोरात हलत असतो, आणि त्याची कॉइल मागे आपटून कायमची निकामी होऊ शकते. मोबाइलच्या माइकने डेसिबल मोजण्यात फार अर्थ नाही. दोन स्पीकरांतला फरक पाहायला तो पुरतो, खरा आकडा द्यायला नाही.

वॉटही मोजता येतात. ज्या संचातून स्पीकरची वायर सुटी करता येते, त्यात पडद्याच्या जागी ४ किंवा ८ ओहमचा, पन्नास वॉट सोसणारा रेझिस्टर लावायचा. तो लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. मग १०० हर्ट्झचा स्वर वाजवून मल्टिमीटरवर एसी व्होल्ट वाचायचे. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॉट. ४ ओहमवर ८ व्होल्ट आले तर १६ वॉट. पुढे आकडा वाढत राहतो, पण लाट फाटायला कुठे लागली हे पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, तेव्हा हे काम ओळखीच्या कारागिराकडे करावं. विजेचा संच घरी उघडून बसू नये.

या सगळ्यात खोलीला विसरून चालत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास भिंतींमध्ये लाट अडकते आणि काही जागी तो स्वर भलताच फुगतो, काही जागी नाहीसा होतो. स्पीकर कोपऱ्यात ढकलला की बेस वाढतो, मधोमध आणला की कमी होतो. म्हणून ‘दुकानात जबरदस्त वाजत होता, घरी आणल्यावर पिचका’ या तक्रारीत दर वेळी दुकानदार दोषी नसतो.

दर वेळी नसतो, पण कधी कधी असतो. दोन स्पीकर शेजारी ठेवून ज्याचा आवाज किंचित मोठा तो माणसाला चांगला वाटतो, अगदी एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी. बेस तर आवाज कमी केला की कानाला आपोआप कमी भासतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. विक्रेत्याला जो खपवायचा आहे तो दोन घरं वर ठेवला की काम झालं. तेव्हा रिमोट आपल्या हातात घ्यावा, दोन्ही सारखे करावेत, आणि शक्य तर पाठ फिरवून ऐकावं.

पाठ फिरवण्याला शास्त्राचा आधार आहे. शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हर्मन या कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. त्यांत एक छोटा, स्वस्त, सबवूफर असलेला संच होता. पडद्याआड त्याला चांगले गुण मिळाले, दिसायला लागल्यावर त्याच ऐकणाऱ्यांनी ते कमी केले. मोठे, देखणे स्पीकर उलट वर चढले. स्वस्त मालाला वाईट म्हणायची आपली घाई आणि दोन टॉवर उभे दिसले की मान डोलावायची सवय, दोन्ही या प्रयोगात उघड्या पडतात. ऑलिव्ह यांचे सहकारी फ्लॉइड टूल यांनी त्याआधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत अशाच झाकून घेतलेल्या चाचण्या केल्या होत्या. त्यातूनच आजची मोजणीची रीत आली. निनादरहित खोलीत स्पीकरभोवती आडवं आणि उभं दर दहा अंशांवर, एकूण ७० दिशांनी मोजायचं. अमेरिकी मानक सीटीए-२०३४ हेच सांगतं. सरळ समोर सपाट आणि बाजूंना हळुवार उतरता आलेख असलेला स्पीकर बहुतेकांना आवडतो, महाग असो की स्वस्त.

स्वस्तात प्रामाणिकपणा परवडतो, याचं एक उदाहरण जेबीएलच्या ३०५पी एमके-२ या स्टुडिओतल्या मॉनिटरचं आहे. मोठ्या कंपन्यांच्या मॉनिटरांमध्ये तो स्वस्तांपैकी गणला जातो. त्याच्या पत्रकात दोन ओळी आहेत: अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये ४९ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आणि उणे १० डेसिबलपर्यंत ४३ हर्ट्झ ते २४ किलोहर्ट्झ. पाच इंची पडद्याचा स्पीकर, भोकासह. दुसरी ओळ जाहिरातीला जास्त बरी दिसते, तरी पहिली लपवलेली नाही.

आपल्याकडे बीआयएसची सक्तीची नोंदणी अॅडॉप्टर आणि ब्लूटूथ स्पीकरसारख्या वस्तूंना लागते, पण ती सुरक्षिततेपुरती असते: शॉक बसू नये, आग लागू नये. आवाज कसा आहे किंवा वॉट खरे आहेत का, याच्याशी त्या नोंदणीचा संबंध नाही. खोट्या आकड्याला आवर घालणारा कायदा वेगळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तेव्हा खोकं लगेच रद्दीत टाकू नका. त्यावरचा आकडा, अॅडॉप्टरवरची ओळ आणि जाहिरातीचं पान यांचे फोटो काढून ठेवा. परत करण्याची मुदत संपायच्या आत स्वर लावून पाहा, आणि आकड्यांत दहापटीचा फरक दिसला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.